समुद्राचा पापड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी मुलगी पुण्याहून घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक चपटं, चकचकीत पाकीट होतं. आत पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले, काळपट हिरवे, कागदासारखे तुकडे. 'अब्बा, खाऊन बघा. कोरियाचं आहे. आमच्या होस्टेलवर सगळ्याजणी खातात,' ती म्हणाली. मी एक तुकडा तोंडात टाकला. आधी वाटलं, आपण कागदच चावतोय. मग तो कुरकुरला, जिभेवर विरघळला. मीठ लागलं, तिळाचं तेल लागलं आणि सगळ्यांच्या मागून एक ओळखीचा वास आला. ओहोटी लागल्यावर आमच्या खाडीला येतो, तोच वास.

बायकोनं पाकीट हातात घेऊन विचारलं, 'हे आहे तरी काय?'

'शेवाळ, अम्मी. समुद्रातलं शेवाळ.'

'म्हणजे धक्क्याच्या पायऱ्यांवरून ज्याच्यामुळे पाय घसरतो ते? ते पैसे देऊन आणलंस?'

आम्ही सगळे हसलो. पाकीट मात्र संध्याकाळपर्यंत संपलं आणि त्यातला निम्मा वाटा बायकोचाच होता.

मी विज्ञानाचा माणूस नाही. बीए झालो, तेही मराठी घेऊन. कविता करतो. पण कवीला एक वाईट खोड असते, एखादी वस्तू हातात आली की ती कुठून आली हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्या शेवाळाच्या तुकड्याचा माग काढत मी जपानच्या एका खाडीपाशी पोचलो, तिथून इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका प्रयोगशाळेत गेलो आणि शेवटी माझ्याच मोठ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन थांबलो. तो प्रवास आज तुम्हांला सांगायचा आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. शेवाळ खाणं आपल्याला नवं आहे असं मी समजत होतो. ते चूक निघालं. रमजानच्या दिवसांत आमच्या घरी नानी चायना ग्रासचं पुडिंग करायची. पांढऱ्या, हलक्या दोऱ्यांसारख्या त्या पट्ट्या ती पाण्यात भिजवायची, उकळून विरघळवायची, दूध-साखर घालायची आणि थाळीत ओतून ठेवायची. रोजा सुटेपर्यंत ते थरथरतं पुडिंग तयार झालेलं असे. जिलेटिन जनावरापासून करतात, म्हणून ते आमच्या घरी चालत नसे आणि शेजारच्या शाकाहारी घरातही चालत नसे. चायना ग्रास दोन्हीकडे चाले. नानीला विचारलं तर ती सांगे, 'चीनमधलं गवत आहे.' नावच तसं होतं, तिचा काय दोष? ते गवत नाही आणि फक्त चीनचंही नाही. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढलेला तो रस. शास्त्रात त्याला अगर म्हणतात. म्हणजे मुलीनं ज्या दिवशी मला 'पहिल्यांदा' शेवाळ खाऊ घातलं, त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून मी ते खात होतो.

आता पाकिटातल्या त्या कागदाकडे वळू. जपानी लोक त्याला नोरी म्हणतात, कोरियन लोक किम. कातळावर, पाण्याच्या भरती-ओहोटीत वाढणारं हे तांबड्या वर्गातलं शेवाळ. ओलं असताना ते जांभळट दिसतं, भाजलं की हिरवं होतं. जपानमध्ये ते किती जुनं आहे? सन ७०१ मध्ये तिथे ताइहो नावाची कायद्याची संहिता तयार झाली आणि पुढच्या वर्षी ती अंमलात आली. दरबाराला कर म्हणून काय काय द्यायचं, याच्या तिच्यातल्या यादीत समुद्रातल्या शेवाळांचे प्रकार आहेत आणि त्यांत नोरीही आहे. आपल्याकडे शेतसारा धान्यात भरायचे, तसा तिथल्या किनाऱ्यावरचा माणूस शेवाळात भरायचा. त्या कायद्याची आठवण म्हणून आजही जपानात ६ फेब्रुवारी हा नोरीचा दिवस मानतात.

पण हजार वर्षं ही वस्तू बड्या लोकांच्या ताटातलीच राहिली. कारण सोपं होतं. ती कातळावरून हातानं खरवडून गोळा करावी लागे आणि फार थोडी मिळे. सतराव्या-अठराव्या शतकात एदो, म्हणजे आजचं तोकियो, हे शहर वाढलं आणि चित्र बदललं. तिथल्या उथळ खाडीत, शिनागावा आणि ओमोरीच्या बाजूला, कोळ्यांनी झाडांच्या फांद्या आणि बांबू चिखलात रोवायला सुरुवात केली. शरद ऋतूत त्या फांद्यांवर आपोआप नोरी धरायची. थंडीभर गार पाण्यात हात घालून ती खुडायची, बारीक चिरायची, पाण्यात कालवून चौकटीत पसरायची आणि उन्हात वाळवायची. असाकुसा भागात जुन्या रद्दीपासून कागद बनत असे. त्या कागदवाल्यांची रीत पाहूनच नोरीचे ताव करायची कल्पना आली, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, असाकुसा नोरी हे नाव तेव्हापासून प्रसिद्ध झालं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र कागद येत नाही, येतो तो पापड. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर बायका पापड, फेण्या, कुरडया घालतात. ओमोरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात अशीच वाळवणं पडत. पहाटे अंधारात उठून घरची सगळी माणसं कामाला लागत, कारण सूर्य वर यायच्या आत चौकटी उन्हात मांडायला हव्यात. आणि पापडाप्रमाणेच नोरीही खाण्याआधी विस्तवावर धरायची. जरा शेकली की रंग पालटतो, वास सुटतो, कुरकुरीत होते. भाताचा मुटका करून भोवती तिचा पट्टा गुंडाळला की प्रवासाची शिदोरी झाली. हाताला भात चिकटत नाही आणि वेगळं तोंडीलावणंही लागत नाही.

निव्वळ खाऊ म्हणून नोरी आली ती पुढे. तोकियोच्या निहोनबाशी भागात १८४९ मध्ये सुरू झालेलं यामामोतो हे नोरीचं दुकान आजही आहे. सम्राट मेइजी १८६९ मध्ये क्योतोला निघाले, तेव्हा सोबत न्यायला भेटवस्तू म्हणून या दुकानानं सोया सॉस आणि मसाला लावलेली नोरी तयार केली. मसाल्याच्या नोरीची ती सुरुवात मानतात. कोरियात तीळ किंवा तशाच दुसऱ्या बियांचं तेल आणि मीठ लावून भाजायची पद्धत. माझ्या मुलीच्या पाकिटातला प्रकार तोच. आज टीव्हीवरच्या कोरियन मालिकांबरोबर तो आपल्या मॉलमध्ये येऊन पोचला आहे.

ही झाली चवीची गोष्ट. आता त्यामागची चिंता सांगतो.

इतकी वर्षं नोरी पिकवणाऱ्या माणसाला एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. नोरीचं बी कुठे असतं? भाताचं बियाणं कणगीत ठेवता येतं, नारळाचा कोंब दिसतो. नोरी मात्र शरदात कुठून तरी यायची, थंडीत वाढायची आणि वसंत संपता संपता नाहीशी व्हायची. उन्हाळाभर तिचा मागमूस नसे. फांद्या रोवायच्या आणि वाट बघायची. आली तर आली. म्हणून जपानी लोक तिला नशिबाचं गवत म्हणत. एका हंगामात घर उभं राही, दुसऱ्या हंगामात कर्ज होई. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि मासेमारीवर जगणाऱ्या कोळ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तर संकटच कोसळलं. १९४८ च्या सुमारास पीक बुडालं. वादळं, किनाऱ्यावरची घाण, अशी कारणं नंतर सांगितली गेली. त्या वेळी मात्र कुणालाच काही सुचत नव्हतं. युद्धात हरलेला, उपाशी देश आणि बी कुठे असतं तेच माहीत नाही, मग पेरणार काय?

याचं उत्तर नऊ-दहा हजार किलोमीटर दूर, मँचेस्टरमध्ये एका बाईच्या टेबलावर तयार होत होतं. तिला नोरीच्या संकटाशी काही देणंघेणं नव्हतं.

कॅथलीन ड्र्यू हे तिचं नाव. जन्म १९०१, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात. मँचेस्टर विद्यापीठातून १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी मिळवली आणि तिथेच शिकवू लागली. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दोन वर्षं कॅलिफोर्नियात जाऊन समुद्रशेवाळांचा अभ्यास केला, नमुने गोळा करायला हवाईलाही गेली. परत आली आणि १९२८ मध्ये तिनं हेन्री राइट-बेकर यांच्याशी लग्न केलं. लग्न केलं आणि नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही, असा तेव्हा विद्यापीठाचा नियम होता. तिच्या अभ्यासात काही खोट निघाली म्हणून हे झालं नव्हतं. बोटात अंगठी आली, एवढंच कारण.

पुढे तिला मानद संशोधक म्हणून प्रयोगशाळेत यायची मुभा मिळाली. मानद हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. त्याचा अर्थ, काम करा, पगार मागू नका. दोन मुलं सांभाळत तिनं ते काम केलं. नवरा यंत्रशास्त्राचा प्राध्यापक होता. भरती-ओहोटी होईल अशी पाण्याची टाकी त्यानं तिला करून दिली, म्हणजे समुद्र थोडासा का होईना, मँचेस्टरमध्ये आला.

तिच्या अभ्यासाचं शेवाळ ब्रिटनच्या किनाऱ्यावर वाढणारं, नोरीचं चुलत भावंड होतं. वेल्समधले लोक ते कित्येक शतकं खात आले आहेत. तासन् तास उकळून त्याचा काळसर लगदा करतात, ओटच्या पिठात घोळवून तळतात आणि न्याहारीला खातात. त्याचाही प्रश्न तोच होता, उन्हाळ्यात ते जातं कुठे? ड्र्यूबाईंनी टाकीत शेवाळाची बीजं सोडली आणि जोडीला कालवांच्या रिकाम्या शिंपल्या ठेवल्या. काही दिवसांनी शिंपल्यांवर गुलाबी डाग दिसू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर केसाहून बारीक तंतू शिंपलीच्या आत शिरून पसरलेले!

हे गुलाबी तंतू शास्त्रज्ञांना अनोळखी नव्हते. शिंपल्यांत राहणारं एक वेगळंच शेवाळ म्हणून १८९२ मध्येच त्यांना कॉन्कोसेलिस असं नाव दिलं गेलं होतं. सत्तावन्न वर्षं सगळे त्यांना दुसराच कुणी समजत होते. ड्र्यूबाईंनी १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छोटंसं टिपण लिहून सांगितलं, की हे दोन नाहीत, एकच आहेत. थंडीत कातळावर पानासारखं फडफडणारं शेवाळ आणि उन्हाळ्यात शिंपलीच्या पोटात तंतू होऊन निजलेलं शेवाळ, ही एकाच जिवाची दोन रूपं आहेत. शरदात पाणी गार होतं, दिवस लहान होतात, तेव्हा शिंपलीतून बीजं बाहेर पडतात आणि पुन्हा कातळ धरतात.

ही बातमी जपानात पोचली ती क्यूशू विद्यापीठातले शेवाळतज्ज्ञ सोकिची सेगावा यांच्यामार्फत. त्यांचा ड्र्यूबाईंशी पत्रव्यवहार होता. जपानी नोरीचंही असंच आहे का, हे तिथे तपासलं गेलं. तसंच निघालं. कुमामोतोच्या मत्स्य प्रयोगकेंद्रातले फुसाओ ओता यांनी १९५३ च्या सुमाराला शिंपल्यांत नोरीचं बी धरून ते जाळ्यांवर उतरवायची रीत बसवली. आता कोळी वसंतात टाक्यांमध्ये कालवांच्या शिंपल्या मांडतात, त्यांवर नोरीची बीजं सोडतात, उन्हाळाभर जपतात आणि शरदात त्यांतून निघणारी बीजं जाळ्यांवर घेऊन ती जाळी समुद्रात पसरतात. नशिबाच्या गवताचं पीक झालं. पुढे यंत्रं आली. चिरायचं, पसरायचं, वाळवायचं काम ती करू लागली. एकोणीस सेंटिमीटर बाय एकवीस सेंटिमीटरचा एक ताव, वजन सुमारे तीन ग्रॅम, असे ताव जपानात वर्षाला शेकडो कोटींनी निघू लागले. दरबाराच्या ताटातली वस्तू शाळकरी पोराच्या डब्यात आली. कोरिया आणि चीननंही तीच वाट धरली.

कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी जपान कधी पाहिलं नाही. आपल्या दोन पानांच्या टिपणामुळे किती चुली पेटल्या, हे त्यांना पुरतं कळलंही नसेल. १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या शेवाळ-अभ्यासकांची संस्था उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १९५७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गेल्या.

कोळी मात्र खाल्ल्या मिठाला जागले. त्यांनी आपापसांत पैसे जमवले आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे, सुमियोशी देवस्थानाच्या आवारात, आरिआके समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभारलं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे नोरीवाले जमतात. समुद्राची माता म्हणून त्यांचं स्मरण करतात. योगायोग असा, की त्याच १९६३ च्या वसंतात तोकियोजवळच्या ओमोरीतली नोरीची शेती कायमची थांबली. बंदर वाढवण्यासाठी भराव घालायचा होता, कोळ्यांनी समुद्रावरचे हक्क सोडून दिले होते. जिथे सुरुवात झाली तिथे शेवट आणि दूर दक्षिणेला एका परदेशी बाईचा दगड.

अशीच दुसरी एक बाई नानीच्या चायना ग्रासच्या गोष्टीत आहे. तिचं नाव फॅनी हेसे. नवरा वॉल्टर हेसे हा जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायचा. जंतू वाढवण्यासाठी ते जिलेटिन वापरत, पण उकाड्यात ते वितळून जाई. फॅनीबाई घरी जेली आणि पुडिंग अगर घालून करायच्या. ती युक्ती त्यांना जावामध्ये राहून आलेल्या एका डच ओळखीच्यांकडून मिळाली होती. त्यांनी नवऱ्याला सुचवलं, अगर वापरून बघा. आज जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतू वाढवतात ते अगरवरच. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला. फॅनीबाईंचा नाही केला.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं ठीक, पण खाऊ म्हणून त्यात दम आहे का? आहे, मात्र बेतानं. नोरीच्या कोरड्या वजनात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं असतात. आयोडीन असतं, लोह असतं. बी-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात सहसा मिळत नाही, ते नोरीत सापडतं. चवीचं रहस्यही जपान्यांनीच उलगडलं. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये कोंबू या शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ती भरीव चव नोरीतही भरपूर आहे. म्हणूनच एक तुकडा खाल्ला की हात पुन्हा पाकिटाकडे जातो.

पण हिशेबही करायला हवा. तीन ग्रॅमच्या तावात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. खाऊचं छोटं पाकीट चार-पाच ग्रॅमचं, त्यात तेल आणि मीठही आलं. वेफर्सऐवजी खाल्लं तर चांगलंच आहे, पण डाळीची वाटी त्यानं भरून निघणार नाही. थायरॉईडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावं. सगळी शेवाळं सारखीही नसतात. कोंबूत आयोडीन फार असतं, तर हिजिकी नावाच्या शेवाळात आर्सेनिक आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्नविभागानं २००४ मध्ये ते खाऊ नका असं सांगितलं. आणखी एक गंमत. २०१० मध्ये संशोधकांना दिसलं, की जपानी माणसांच्या आतड्यातल्या जंतूंनी समुद्रातल्या जंतूंकडून नोरी पचवण्याची जनुकं उचलली आहेत. पिढ्यान् पिढ्या खाल्लेलं अन्न शेवटी माणसाच्या पोटात घर करतं, ते असं.

आपल्या देशात ही गोष्ट तमिळनाडूत रामेश्वरम-पांबनच्या बायकांपाशी येते. मन्नारच्या आखातातल्या बेटांभोवती त्या डोळ्यांवर गॉगल आणि बोटांना चिंध्या बांधून बुडी मारतात आणि कातळावरचं शेवाळ हातानं तोडतात. त्यापासून अगर बनतं. १९८६ मध्ये ती बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात गेली, तेव्हापासून त्यांच्या वाटेत बंदीही आली. समुद्र राखायला हवा हे खरं आणि त्या बायकांची चूल पेटायला हवी हेही खरं. २०२० साली केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. आपल्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्गात आणि गोव्यात, पावसाळ्यात कातळावर नोरीच्याच कुळातली एक जात उगवते, हे वाचून तर मी चकित झालो. तिला आपण आजवर ताटात घेतलं नाही.

हे वाचत असताना मला सारखी माझी आपा आठवत होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. १९८५ मध्ये ती वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, पहिल्या वर्गात. आमच्या खानदानात विज्ञान शिकलेली ती पहिली मुलगी. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. ओहोटीला ती कातळावर जायची, बायका कालवं फोडत असायच्या आणि ही त्यांच्याशेजारी बसून शेवाळ गोळा करायची. घरी आणून पाण्यात पसरायची, जाड कागदावर उचलून घ्यायची, वर जुनी वर्तमानपत्रं आणि पाटा ठेवून दाबायची. खाली सुवाच्य अक्षरात लॅटिन नावं लिहायची. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि नोकरी सुटली. मँचेस्टरमध्ये निदान नियम तरी होता. आमच्याकडे तोही नव्हता. तिला कुणी काढलं नाही, कुणी मना केलं नाही. पुढे काय करायचं आहे, हे तिला कुणी विचारलंच नाही. त्या न विचारणाऱ्यांत मीही होतो. मी तेव्हा कॉलेजात जात होतो आणि स्त्रियांच्या दुःखावर कविता लिहीत होतो. तिची कागदांची चळत माळ्यावर गेली, एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली. परसात कालवांच्या शिंपल्यांचा ढीग असायचा, तो चुन्याच्या भट्टीवाल्याला विकला जायचा. त्या शिंपल्यांत कुणाचं बी झोपलेलं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

या भाषणाची तयारी करताना मी एक पाकीट घेऊन आपाकडे गेलो. ती आता साठी ओलांडलेली. तिला ड्र्यूबाईंची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं पाकीट फोडलं, पण तुकडा तोंडात टाकला नाही. बशीत पाणी घेतलं, त्यात तो सोडला आणि थांबली. थोड्या वेळानं कागद सुटा होऊ लागला, त्याच्या जांभळट चिंध्या पाण्यात पसरल्या. आपानं सुईच्या टोकानं त्यातली एक अलगद उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीच्या उजेडात धरली.

'बघ, आरपार दिसतं,' ती म्हणाली. 'हे पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. आम्हांला होतं अभ्यासाला.'

'आपा, तुला अजून आठवतं?'

'विसरायला कुणी सांगितलं होतं?' असं म्हणून तिनं दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, 'मीठ जरा जास्त आहे. पण चांगलं लागतं.'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)